देव कोणाच्या बाजूने?

वाराणसीत दशाश्वमेध घाटावरून नावेने प्रवाहाबरोबर निघाले की मणिकर्णिका मागे पडते, शिंदे घाट येतो आणि थोड्याच अंतरावर पाण्याच्या काठी उभी असलेली एक उंच, भक्कम दगडी इमारत दिसते. हा भोसले घाट. नागपूरकर भोसल्यांनी तो अठराव्या शतकाच्या अखेरीस बांधला. येथे लक्ष्मीनारायणाचे मंदिर आहे. काशीत मराठी माणसांनी बांधलेल्या वास्तू पुष्कळ आहेत. विश्वनाथाचे आजचे मंदिर अहिल्याबाई होळकरांनी १७८० मध्ये उभे केले. शिंद्यांचा घाट शेजारीच आहे. आपल्याला या सर्वांचा अभिमान वाटतो, आणि तो वाटायलाच हवा.

हीच गंगा भोसले घाटावरून पुढे पूर्वेकडे जाते. बिहार ओलांडून ती बंगालमध्ये शिरते आणि तिचा एक फाटा भागीरथी या नावाने दक्षिणेला वळतो. भागीरथीच्या काठी काटवा नावाचे गाव आहे. काशीला ज्यांनी घाट बांधला, त्याच घराण्याची फौज त्याच्या सुमारे अर्धशतक आधी काटव्याला तळ देऊन बसली होती. बंगालमध्ये त्या फौजेला 'बर्गी' म्हणतात. मूल झोपावे म्हणून बर्गी आल्याची भीती घालणारी एक जुनी अंगाई तिकडे आजही प्रसिद्ध आहे.

एकाच घराण्याची एका ठिकाणी भक्तीची आठवण आहे आणि दुसऱ्या ठिकाणी भीतीची. मग प्रश्न पडतो, की देवाला मानणारे राज्यकर्ते लोकांना त्रास देणारे युद्ध करतात तेव्हा ते योग्य कसे ठरवले जाते? धर्म आणि नीती यांचा आधार युद्धासाठी कसा घेतला जातो? हा प्रश्न जगातील सगळ्याच राष्ट्रांना लागू आहे. पण तो आपल्या घरापासून सुरू केला, तर नीट समजेल असे मला वाटते.

कारण आणि समर्थन

सुरुवातीलाच दोन शब्द वेगळे करायला हवेत. युद्ध ज्यासाठी होते ते त्याचे कारण. ते बरोबर आहे हे पटवण्यासाठी जे सांगितले जाते ते त्याचे समर्थन. कधी दोन्ही एकच असतात. शत्रू सीमा ओलांडून आत आला आणि आपण लढलो, तर कारणही तेच आणि समर्थनही तेच. पण पुष्कळदा कारण जमीन, महसूल, व्यापार किंवा गादी हे असते आणि समर्थन मात्र धर्म, न्याय, सुधारणा किंवा शांतता हे असते.

समर्थनाची गरज का भासते? कारण नुसत्या महसुलासाठी मरायला माणूस सहजासहजी तयार होत नाही. आपण चांगल्या कामासाठी लढतो आहोत, ही खात्री सैनिकाला लागते. ज्यांच्याकडून पैसा आणि धान्य घ्यायचे त्या रयतेलाही काहीतरी सांगावे लागते. आणि एकदा युद्ध देवाचे काम ठरले, की शंका विचारणाऱ्याला देवाचा विरोधक म्हणून गप्प बसवता येते. युद्ध करणाऱ्याच्या दृष्टीने समर्थनाचा हा सर्वांत मोठा उपयोग असतो.

१७४२ : बंगालची मोहीम

आता बंगालकडे वळू. १७४० मध्ये अलीवर्दी खानाने आधीच्या नवाबाला लढाईत ठार करून बंगालची गादी घेतली. त्या वेळी बंगाल, बिहार आणि ओडिशा हे तिन्ही प्रदेश बंगालच्या नवाबाकडे होते. ओडिशातील जुन्या कारभाऱ्यांपैकी मीर हबीब हा अलीवर्दीवर नाराज होता. नागपूरला तेव्हा पहिले रघूजी भोसले राज्य करत होते. छत्रपती शाहू महाराजांनी त्यांना 'सेनासाहेब सुभा' हा किताब दिला होता. १७४२ मध्ये रघूजींचे दिवाण भास्करराम कोल्हटकर, म्हणजेच भास्करपंत, घोडदळ घेऊन बंगालमध्ये उतरले.

मागणी काय होती? चौथाई. म्हणजे महसुलाचा चौथा हिस्सा. भास्करपंतांनी वर्धमानजवळ अलीवर्दीला घेरले आणि परत जाण्यासाठी आधी दहा लाख रुपये मागितले. ते मिळाले नाहीत, तेव्हा मागणी एक कोटीवर गेली. मे महिन्यात मराठ्यांच्या एका तुकडीने राजधानी मुर्शिदाबादवर छापा घालून जगतशेठांची कोठी लुटली. जगतशेठ हे सावकारी करणारे जैन घराणे होते. पुढे काटवा हा मराठ्यांचा मुख्य तळ झाला आणि भागीरथीच्या पश्चिमेकडचा मोठा मुलूख त्यांच्या ताब्यात गेला. इंग्रजांनी घाबरून कलकत्त्याभोवती खंदक खणायला घेतला. तो पुरा झाला नाही, पण 'मराठा खंदक' हे नाव मागे राहिले.

'बर्गी' हा शब्द आपल्या 'बारगीर' या शब्दावरून आला. मराठी फौजेत ज्याला घोडा आणि शस्त्रे सरकारातून मिळत तो बारगीर आणि जो स्वतःचा घोडा घेऊन येई तो शिलेदार. आपल्याकडे हा लष्करी शब्द आहे. बंगालीत तोच लुटारूसाठी वापरला गेला. एखाद्या सैन्याने दुसऱ्या प्रदेशात काय केले हे समजून घ्यायचे असेल, तर त्या प्रदेशाच्या भाषेत त्याचे नाव कशासाठी उरले हे पाहावे.

या मोहिमेची मूळ मागणी पैशाची होती. त्यात धर्म कोठे आला? दोन ठिकाणी आला. एकदा छावणीत आणि एकदा कवितेत.

दाईहाटची दुर्गापूजा

पावसाळा संपला आणि नवरात्र आले. काटव्याजवळ दाईहाट येथे भास्करपंतांनी दुर्गापूजा मोठ्या थाटात मांडली. तिच्यासाठी आसपासच्या जमीनदारांकडून सामग्री घेण्यात आली. ज्या मुलखात फौज खंडणी वसूल करत होती, तेथील लोकांच्याच देवीची ही पूजा होती. भास्करपंतांची भक्ती खोटी होती असे म्हणायला काही आधार नाही. पण फौजेच्या सेनापतीने अशी पूजा करणे ही नुसती खासगी गोष्ट राहत नाही. देवी आमच्या बाजूने आहे, असे ती सर्वांना सांगत असते.

सप्टेंबर १७४२ च्या अखेरीस, पूजा चालू असतानाच, अलीवर्दीच्या सैन्याने रात्रीच्या अंधारात नदी ओलांडली आणि पहाटे छावणीवर हल्ला केला. मराठ्यांना सामान टाकून निघावे लागले. पूजा अर्धीच राहिली. लष्करी दृष्टीने पाहिले तर ही गाफीलपणाची शिक्षा होती. नदीचे उतार आणि नदीकाठच्या चौक्या यांच्याकडे दुर्लक्ष झाले होते. पण त्या काळच्या बंगाली माणसाने या पराभवाचा अर्थ वेगळा लावला.

नंदीला पाठवणारा शिव आणि रागावलेली दुर्गा

गंगाराम नावाच्या बंगाली कवीने या प्रसंगावर 'महाराष्ट्र पुराण' नावाचे काव्य लिहिले. त्याच्या हस्तलिखितावरील तारीख १७५१ सालची आहे. म्हणजे ज्यांनी बर्गी पाहिले होते, ती माणसे तेव्हा जिवंत होती.

काव्याची सुरुवात स्वर्गात होते. पृथ्वीवर पाप फार वाढले आहे आणि तिला भार सहन होत नाही. ती गाऱ्हाणे घेऊन ब्रह्मदेवाकडे जाते आणि ते गाऱ्हाणे शिवापर्यंत पोहोचते. शिव नंदीला सांगतो की दक्षिणेत शाहू राजा आहे, त्याला प्रेरणा दे, म्हणजे तो पाप्यांना शिक्षा करायला सैन्य पाठवील. थोडक्यात, मराठ्यांची स्वारी ही शिवाची आज्ञा आहे. मराठ्यांच्या बाजूने याहून मोठे समर्थन कोणते असणार? आणि ते दिले एका बंगाली कवीने.

पण काव्य तेथे थांबत नाही. बर्गी गावात शिरतात तेव्हा काय होते याचे वर्णन गंगाराम करतो. पंडित पोथ्यांचे गठ्ठे घेऊन पळतात, सोनार तराजू आणि वजने घेऊन, कोळी जाळी घेऊन. पैशासाठी लोकांचे हाल होतात, घरे जळतात, स्त्रियांवर अत्याचार होतात. ब्राह्मण आणि वैष्णवही मारले जातात. मग दुर्गा रागावते. ज्याची पूजा ती घेत होती, त्याच भास्करपंतांवर ती उलटते आणि नवाबाला अनुकूल होते. मुसलमान नवाबाच्या बाजूने देवी उभी राहते, कारण निरपराधांना मारणारा तिला चालत नाही.

भारतचंद्र राय या दुसऱ्या बंगाली कवीच्या 'अन्नदामंगल' या १७५२ च्या काव्यातही अशीच कथा आहे. तेथे निमित्त वेगळे आहे. नवाबाच्या फौजेने भुवनेश्वरला केलेल्या उपद्रवामुळे नंदी चिडतो आणि दैवी प्रेरणेने बर्गी येतात. त्याच्या वर्णनातही शिक्षा पाप्यांपुरती राहत नाही. भल्यांनाही ती भोगावी लागते.

मला गंगारामाचा विचार फार महत्त्वाचा वाटतो. त्याने मराठ्यांना देवाचे समर्थन दिले, पण ते कायमचे दिले नाही. ते वागणुकीवर अवलंबून ठेवले. ज्या क्षणी फौज नि:शस्त्र माणसावर हात टाकते, त्या क्षणी समर्थन संपते. आज युद्धाच्या कायद्याचे एक मूळ तत्त्व तेच आहे.

बाजू खरोखर कोणत्या होत्या?

या युद्धाला हिंदू विरुद्ध मुसलमान असे नाव द्यायचा मोह होतो. पण दोन्ही छावण्यांतील माणसे पाहिली की ते नाव टिकत नाही. मराठ्यांचा मुख्य सल्लागार मीर हबीब हा मुसलमान होता. अलीवर्दीचा विश्वासू राजा जानकीराम हा हिंदू होता. लुटले गेलेले शेतकरी आणि विणकर दोन्ही धर्मांचे होते.

याहून आश्चर्याची गोष्ट १७४३ मध्ये घडली. रघूजी भोसले स्वतः बंगालमध्ये आले असताना बादशहाच्या विनंतीवरून त्यांच्याविरुद्ध पेशवे बाळाजी बाजीराव फौज घेऊन आले. पेशव्यांनी प्लासीजवळ अलीवर्दीची भेट घेतली, शाहू महाराजांसाठी चौथाई आणि आपल्या फौजेच्या खर्चासाठी बावीस लाख रुपये ठरवून घेतले आणि रघूजींच्या फौजेला बंगालबाहेर काढले. दोघेही एकाच छत्रपतींचे सरदार होते, दोघेही देवधर्म पाळणारे होते. भांडण होते ते कोणत्या प्रांताचा महसूल कोणी घ्यायचा याचे. शेवटी शाहू महाराजांनी त्याच वर्षी दोघांत प्रांतांची वाटणी करून दिली आणि बंगाल रघूजींच्या वाट्याला आले.

धर्माचा सर्वांत वाईट उपयोग १७४४ मध्ये झाला आणि तो नवाबाच्या बाजूने झाला. तहाची बोलणी करायची म्हणून भास्करपंतांना मानकरा येथे बोलावण्यात आले. बोलावणे घेऊन जाणारे होते मुस्तफा खान आणि राजा जानकीराम. कुराण आणि गंगाजल या दोन्हींच्या शपथा घेऊन त्यांनी अभय दिले, असे इतिहासकार सांगतात. ३१ मार्च १७४४ रोजी भास्करपंत आणि त्यांच्याबरोबरचे वीसहून अधिक सरदार तंबूत शिरले आणि तेथेच त्यांची कत्तल झाली. मराठ्यांनी दुर्गापूजेने आपली बाजू पवित्र केली होती. नवाबाच्या माणसांनी दोन धर्मांच्या शपथा सापळ्यासाठी वापरल्या.

त्याने युद्ध थांबले का? नाही. ते आणखी सात वर्षे चालले. १७५१ च्या तहात अलीवर्दीने वर्षाला बारा लाख रुपये चौथाई कबूल केली आणि ओडिशा भोसल्यांकडे गेला. तहात मोजली गेली ती रक्कम आणि आखली गेली ती सीमा. पृथ्वीवरच्या पापाचा हिशेब त्यात कोठेच नव्हता.

पानिपत आणि पलीकडचे जग

दहा वर्षांनी, १७६१ मध्ये, पानिपतावर हीच गोष्ट मोठ्या प्रमाणात दिसते. अहमदशाह अब्दालीच्या बाजूने नजीबखान रोहिल्याने इस्लामच्या नावाने सरदार गोळा केले. अवधचा शुजाउद्दौला त्या आवाहनाला मिळाला. पण शुजाच्या फौजेत अनुपगिर गोसावी आणि त्याचे नागा साधू होते. दुसरीकडे मराठ्यांचा तोफखाना इब्राहिमखान गारद्याच्या हातात होता. तो भाऊसाहेबांशी शेवटपर्यंत इमानी राहिला आणि त्यासाठी पकडला जाऊन मारला गेला. धर्म हेच खरे कारण असते, तर गोसावी आणि गारदी यांच्या जागा उलट असत्या. मराठ्यांच्या बाजूलाही हेतू मिसळलेले होते. पेशव्यांच्या त्या काळच्या पत्रव्यवहारात काशी आणि प्रयाग ही तीर्थे मिळवण्याची इच्छा आणि डोक्यावरचे कर्ज फेडण्याची काळजी शेजारी शेजारी दिसते.

जगात इतरत्रही असेच आहे. १०९५ मध्ये पोप दुसरा अर्बन याने फ्रान्समधील क्लेरमाँ येथे जेरुसलेम सोडवण्यासाठी युद्धाची हाक दिली. १०९९ मध्ये ते शहर घेतले गेले आणि तेथे मोठी कत्तल झाली. क्रूसाची खूण घेऊन निघालेल्या चौथ्या मोहिमेने १२०४ मध्ये कॉन्स्टँटिनोपल लुटले. ते तर ख्रिस्ती शहर होते. पहिल्या महायुद्धात जर्मन सैनिकांच्या पट्ट्यावर 'देव आमच्याबरोबर' अशा अर्थाचे शब्द कोरलेले होते. समोरच्या खंदकातील इंग्रज आणि फ्रेंच सैनिकही त्याच देवाची प्रार्थना करत होते.

समर्थन दरवेळी धर्माचेच असते असे नाही. नीतीचेही असते. त्याचा अनुभव पुढे भोसल्यांनाच आला. डिसेंबर १८५३ मध्ये तिसरे रघूजी भोसले पुत्र नसताना वारले. लॉर्ड डलहौसीने दत्तकाचा हक्क नाकारून १८५४ मध्ये नागपूरचे राज्य खालसा केले. इंग्रजी राज्यात प्रजेचे भले होईल, असे त्याचे एक म्हणणे होते. वऱ्हाड-नागपूरकडचा कापूस इंग्लंडला मिळणे महत्त्वाचे आहे, हेही त्याने नोंदवून ठेवले. नंतर राजवाड्यातील चीजवस्तूंचा लिलाव झाला. अवध खालसा करताना १८५६ मध्ये वाईट कारभाराचे कारण दिले गेले. अलीकडे २००३ मध्ये इराकवर हल्ला करताना तेथे महासंहारक अस्त्रे आहेत असे सांगितले गेले. युद्धानंतर शोध घेतला तेव्हा तसे साठे मिळाले नाहीत.

बंगालच्या गावकऱ्यांना शिवाच्या आज्ञेचे कौतुक वाटले नव्हते. तसेच नागपूरकरांना डलहौसीच्या सुधारणेचे वाटले नाही. समर्थन करणाऱ्याच्या तोंडून ते उदात्त वाटते. ज्याच्यावर घोडे चालून येतात, त्याच्या बाजूने ते ऐकून पाहिले पाहिजे.

मग धर्म आणि नीती निरुपयोगी आहेत का?

असे म्हणणे सोपे आहे, पण ते चूक ठरेल. ज्या धर्माचा आणि नीतीचा वापर युद्ध सुरू करण्यासाठी झाला, त्यांनीच युद्धाला लगामही घातला आहे.

महाभारतात युद्धापूर्वी दोन्ही पक्ष नियम ठरवतात. शस्त्र टाकलेल्यावर, पळणाऱ्यावर, दुसऱ्याशी लढण्यात गुंतलेल्यावर वार करायचा नाही. पुढे दोन्ही पक्ष ते मोडतात आणि महाभारत ते लपवत नाही. विजयानंतर युधिष्ठिराला आनंद होत नाही, त्याला राज्यच नको होते. कौटिल्याने अर्थशास्त्रात विजेत्यांचे तीन प्रकार सांगितले आहेत. शरणागती मिळाली की थांबतो तो धर्मविजयी. जमीन आणि धन घेतल्यावर थांबतो तो लोभविजयी. जमीन, धन, बायकामुले आणि प्राणही घेतो तो असुरविजयी. येथे विजेता कोणत्या देवाची पूजा करतो हे विचारलेले नाही. तो कोठे थांबतो हे विचारले आहे.

शिवाजी महाराजांनी चिपळूणजवळच्या छावणीतील अधिकाऱ्यांना लिहिलेले पत्र आपल्यापैकी अनेकांना माहीत असेल. घोड्यांची वैरण बेताने वापरा, नाहीतर ती संपेल आणि मग तुम्ही कुणब्यांच्या घरचे दाणे आणि गवत उचलायला जाल, रयत हैराण होईल आणि मोगल बरे होते असे म्हणेल, असा त्याचा आशय आहे. या पत्रात मोठी घोषणा नाही. रसदीचा हिशेब आहे. पण राज्य चांगले आहे की वाईट हे शेतकऱ्याला शिपायाच्या वागण्यावरूनच समजते, ही समज त्यात आहे. बंगालमध्ये नेमकी हीच समज सुटली.

आजच्या काळात हा लगाम कायद्याच्या रूपात आहे. १९४५ च्या संयुक्त राष्ट्रांच्या सनदेने दुसऱ्या देशावर बळाचा वापर करण्यास मनाई केली आणि स्वसंरक्षणाचा हक्क मान्य केला. १९४९ च्या चार जिनिव्हा करारांनी जखमी, युद्धकैदी आणि नागरिक यांना संरक्षण दिले. भारताने त्यासाठी १९६० मध्ये कायदाही केला. या करारांतील एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. आपली बाजू न्यायाची असो वा नसो, हे नियम दोन्ही बाजूंना सारखेच लागू असतात. 'आमचे कारण पवित्र आहे, म्हणून आम्हाला सूट' असे कोणालाही म्हणता येत नाही.

आपल्या सैन्यात धर्माला जागा आहे. पलटणीत धर्मगुरू असतात, सर्वधर्म स्थळ असते, अनेक पलटणींच्या युद्धघोषात देवाचे नाव असते. अधिकारी स्वतः कोणत्याही धर्माचा असो, तो आपल्या जवानांच्या प्रार्थनेत सामील होतो. येथे धर्म सैनिकाला धीर देतो आणि जवानांना एकत्र ठेवतो. कोणावर हल्ला करायचा हे मात्र तो ठरवत नाही. ही मर्यादा पाळली तर श्रद्धा आणि शिस्त यांचे भांडण होत नाही.

तपासून पाहण्याचे चार प्रश्न

एखाद्या युद्धाचे समर्थन ऐकताना चार प्रश्न विचारावेत, असे या सगळ्यावरून मला वाटते.

पहिला : नेमकी मागणी काय आहे? ती पैशात किंवा जमिनीत मोजता येते का?

दुसरा : न लढणाऱ्या माणसांशी कसे वागले जात आहे?

तिसरा : सांगितलेले काम पूर्ण झाल्यावर सैन्य परत जाते का?

चौथा : हेच समर्थन शत्रूने दिले असते, तर आपण ते मानले असते का?

१७४२ च्या मोहिमेला हे प्रश्न लावले तर उत्तरे आपल्याला आवडणारी येत नाहीत. मागणी पैशाची होती. न लढणाऱ्यांचे हाल झाले. फौज दर हंगामात परत येत राहिली. आणि आपल्या गावांवर कोणी चौथाईसाठी चालून आले असते, तर आपण त्याला धर्मकार्य म्हटले नसते.

त्याच बंगालच्या भूमीवर १९७१ मध्ये आपले सैन्य पुन्हा गेले. त्या वेळी पूर्व पाकिस्तानातील अत्याचारांमुळे सुमारे एक कोटी निर्वासित भारतात आले होते आणि ३ डिसेंबरला पाकिस्तानने आपल्या विमानतळांवर हल्ले केले होते. पाकिस्तानचे दोन भाग होण्यात भारताचा फायदाही होता, हे लपवण्याचे कारण नाही. तरी प्रश्न लावून पाहा. शरण आलेल्या सुमारे ९३ हजार युद्धकैद्यांना जिनिव्हा करारानुसार वागवले गेले. मार्च १९७२ मध्ये भारतीय सैन्य बांगलादेशातून परत आले. त्या देशाकडे खंडणी मागितली गेली नाही. हेतू शंभर टक्के शुद्ध नसला तरी वागणूक चांगली असू शकते, आणि लोक शेवटी वागणूकच लक्षात ठेवतात.

कोणी विचारेल, की सैनिकाने असे प्रश्न विचारले तर हुकूम पाळायचा कधी? युद्ध करायचे की नाही हे लोकनियुक्त सरकार ठरवते, छावणी ठरवत नाही. ही शिस्त योग्यच आहे. पण चारपैकी दुसरा प्रश्न सरकारच्या हातात कमी आणि सैनिकाच्या हातात जास्त असतो. गावात शिरणारी तुकडी कशी वागेल हे त्या तुकडीचा नाईक, सुभेदार आणि तरुण लेफ्टनंट ठरवतो. काटव्याच्या आसपासच्या गावांत शिरलेल्या बारगिरांना रघूजी भोसले दिसत नव्हते, शाहू महाराज तर दूर साताऱ्याला होते. तेथे हजर होता तो तुकडीचा प्रमुख. त्याने थांबवले असते तर ते गाव वाचले असते.

आपल्यातील काही जण उद्या अशा तुकडीचे प्रमुख होतील. त्या वेळी आपले युद्ध न्यायाचे आहे असे सर्व जण सांगत असतील, आणि कदाचित ते खरेही असेल. तरी ते खरे आहे की नाही याचा पुरावा समोरच्या गावातील माणसांना आपल्याच वागण्यातून मिळणार आहे.